पंधरा मिनिटे, फाटकाबाहेर : आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य,
व्यवस्थापन समिती, आमची सहकारी गृहरचना संस्था,
कोथरूड, पुणे.

विषय : पार्थिव संस्थेच्या आवारात आणण्यास मनाई करणारा ठराव मागे घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

संस्थेचे नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. आपल्याला ते ठाऊक आहे, आणि बाहेरच्या वाचकाला त्याची गरज नाही; शिवाय अशा स्वरूपाचे नियम आपल्याच इमारतीत आहेत असे नसून बाणेर, वारजे आणि सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या परिचितांनीही ते मला सांगितले आहेत. म्हणूनच हे पत्र कार्यालयातील तक्रारपेटीत न टाकता सर्वांसमोर ठेवत आहे.

गेल्या महिन्यात माझी आजी वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी रुग्णालयात पहाटे गेली. आयुष्याची शेवटची दहा-बारा वर्षे ती आपल्याच इमारतीत, आमच्या घरी राहत होती. त्या सकाळी तिला दोन तास घरी आणावे, सासवडहून निघालेल्या आत्याने आणि गल्लीतल्या चार माणसांनी तिचे तोंड पाहावे आणि मग वैकुंठ स्मशानभूमीत न्यावे, एवढेच आम्ही ठरवले होते. शववाहिनी फाटकाशी आली तेव्हा फाटक बंद होते. सचिवांनी दूरध्वनीवरून समितीच्या ठरावाची आठवण करून दिली आणि विशेष बाब म्हणून फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, पंधरा मिनिटे वाहन उभे करण्यास परवानगी दिली. आमच्या रखवालदाराने नेहमीच्या शिस्तीने वहीत वाहनाचा क्रमांक लिहिला, वेळ लिहिली, सदनिका क्रमांक लिहिला, आणि ‘कामाचे स्वरूप’ या रकान्याशी येऊन त्याचे पेन थांबले. तो रकाना त्याने कोराच ठेवला. ती वही आपल्या कार्यालयात आहे; आपण पाहू शकता.

मागून दुचाकींचे भोंगे वाजत असताना शेजाऱ्यांनी वाहनाच्या उघड्या दारातून आजीला नमस्कार केला. ज्यांना गुडघ्यांमुळे वाहनाच्या पायरीवर चढता येत नव्हते, त्यांनी खालूनच हात जोडले. दिवे घाटातून येणारी आत्या तोवर हडपसरलाही पोहोचली नव्हती. तिला आईचा चेहरा दिसला तो वैकुंठातच, विद्युतदाहिनीकडे नेण्याआधी काही क्षण.

ज्या बाईला आपण फाटकाबाहेर थांबवले ती कोण होती, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे आणि काहींना नाही. केवळ माझी आजी म्हणून तिला वेगळी वागणूक मिळावी, असे माझे म्हणणे नाही. पण तिच्या आयुष्याचा मोठा भाग ज्या कामात गेला, नेमके तेच काम आपला ठराव बंद करतो, म्हणून ते सांगणे भाग आहे.

तिच्या जन्माची कागदोपत्री नोंद नव्हती. घरच्या हिशेबाने साल १९३१. लग्न होऊन ती सासवडला आली ती १९४८ मध्ये. आजोबांचे किराणा मालाचे दुकान होते आणि मागे घर. कऱ्हेकाठचे ते गाव त्या काळी लहानच होते आणि गावात कुणाचे काय चालले आहे ते दुकानात सगळ्यांत आधी कळे. सासूबाईंकडून तिच्याकडे आलेल्या कामांपैकी एक काम असे होते की, आळीत कुणाकडे बाईमाणूस गेले की बोलावणे हिला येई. शेवटची आंघोळ घालणे, केस विंचरणे, लुगडे नेसवणे, दागिने उतरवून मोजून घरच्या माणसाच्या हाती देणे, आणि बाहेर पुरुष तिरडी बांधत असताना आतल्या लेकी-सुनांना सावरणे, हे सगळे ती करी. जात विचारून ती हे काम करत नसे. त्यावरून तिच्या घरातही एकदा-दोनदा बोलाचाली झाल्या, असे आत्या सांगते. आजीने ते स्वतः कधी सांगितले नाही.

प्रेत हलले की ती घरी येऊन डोक्यावरून पाणी घेई आणि चुलीवर मोठे पितळी पातेले चढवी. सुतकी घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून पिठले-भात आमच्याकडून जाई. त्या पातेल्याच्या काठाला एक पोचा होता आणि झाकण मूळचे नसून कुठल्यातरी कळशीचे होते. सणाचा स्वयंपाक त्या पातेल्यात कधी होत नसे, कारण ते ‘दुसऱ्याच्या घरचे’ पातेले होते. त्यात गेलेला तांदूळ आणि डाळीचे पीठ दुकानाच्या वहीत कुणाच्या नावे मांडलेले मी पाहिले नाही. आजोबा तेवढ्यापुरते हिशेबाचे कच्चे होत असत.

ती फार गोड बोलणारी होती असे मात्र नाही. दारात येऊन हंबरडा फोडणाऱ्या पाहुण्यांना ती सरळ सांगे, “रडायचं तर भांडी घासता घासता रडा, आत पोरं उपाशी बसलीत.” तिच्या या तोडून बोलण्याचा अनेकांना राग येई आणि पुढच्या वेळी तेच लोक तिला बोलवायला येत.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासल्याची धरणे फुटून पुण्याच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा नारायण पेठेतले आमचे नातलग अंगावरच्या कपड्यांनिशी सासवडला आले. त्यांच्याबरोबर वाटेत भेटलेले एक अनोळखी कुटुंबही होते. ती सगळी माणसे आमच्या माडीवर राहिली. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडायला जाणाऱ्या बायकांची लहान मुले तिच्या ओसरीवर असत. रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापताना त्या कशा तुटत, हे ती आम्हाला हाताने करून दाखवी. आषाढात माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला आली की दोन दिवस घरात पाय ठेवायला जागा नसे. तेव्हाही कुणी वारकरी आजारी पडला, तर त्याची सोय दुकानाच्या फळीवर होई. आजोबा १९८३ मध्ये गेले. त्यानंतर दुकान तिने चालवले, आणि बोलावणे येणेही थांबले नाही.

पुण्यात आली तेव्हा ती ऐंशी पार केलेली होती. चौथ्या मजल्यावरच्या घरात तिचे मन रमेना, म्हणून ती सकाळी खाली येऊन पार्किंगमधल्या सिमेंटच्या कट्ट्यावर मेथी निवडत बसू लागली. दोन-तीन महिन्यांत कोणत्या विंगेत कुणाला मधुमेह आहे, कुणाची मुलगी परदेशी गेली आणि कुणाची परत आली, हे तिला समितीपेक्षा अधिक नेमके ठाऊक झाले. बी विंगेतले एक निवृत्त शिक्षक गेले तेव्हा तिने मला आणि माझ्या आईला सकाळीच कामाला लावले आणि पिठले-भात त्यांच्या घरी पोहोचला. ज्यांच्याकडे तो पोहोचला त्यांच्यातले एक जण आज समितीवर आहेत. हे मी उपकाराची आठवण म्हणून लिहीत नाही. आजीला ते आवडले नसते. इतकेच सांगायचे आहे की त्या दिवशी शिक्षकांचे पार्थिव याच पार्किंगमध्ये दोन तास होते, सगळ्या इमारतीने दर्शन घेतले होते, आणि त्यामुळे कुणाचे काही बिघडले नव्हते.

आता मुद्द्यांकडे येते.

हा नियम आला कुठून, हे आधी पाहू. २०२० मध्ये कोविडच्या साथीत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, रुग्णालयातून पार्थिव थेट स्मशानात नेले जात होते, आणि त्या वेळी लिफ्टमध्ये लावलेली सूचना योग्यच होती. साथ ओसरली, मुखपट्ट्या गेल्या, सॅनिटायझरच्या बाटल्या गेल्या, पण पाणीकपातीच्या फलकाशेजारची ती सूचना तशीच राहिली आणि पुढे समितीच्या एका मासिक बैठकीत तिचा कायमचा ठराव झाला. त्या बैठकीचे इतिवृत्त मी मागून घेऊन वाचले आहे. ‘पार्थिव आवारात आणू नये, लिफ्टचा वापर करू नये’ असे त्यात दोन ओळींत म्हटले आहे आणि कारण म्हणून ‘सभासदांची गैरसोय’ एवढेच आहे. आणीबाणीतली सोय अशी चोरपावलांनी नियम झाली. कोणत्या सभासदाने, कोणत्या गैरसोयीबद्दल, केव्हा तक्रार केली, याचा इतिवृत्तात उल्लेख नाही.

दुसरे असे की, हा अधिकार समितीचा नव्हता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. आवार, पार्किंग आणि लिफ्ट ही सगळ्या सभासदांच्या सामाईक वापराची जागा आहे. तिच्या वापरावर कायमचे बंधन घालायचे असेल तर तो विषय विषयपत्रिकेवर घेऊन, रीतसर नोटीस काढून सभेपुढे यायला हवा होता. तो कोणत्याही वार्षिक सभेत आलेला नाही. ज्यांच्या घरी त्यानंतर कुणी गेले नाही, त्यांना असा ठराव आहे हेही ठाऊक नाही, आणि ज्यांच्या घरी गेले त्यांना तो कळला तो त्याच दिवशी, ज्या दिवशी माणूस भांडण्याच्या स्थितीत नसतो.

नियमाच्या समर्थनार्थ जी कारणे मला नंतर तोंडी सांगण्यात आली, ती मी शांतपणे ऐकून घेतली आहेत, म्हणून त्यांनाही उत्तर देते. लहान मुले घाबरतात, असे एक कारण सांगितले गेले. माझी मुले आजीच्या पायाशी बसून तिची नखे कापत मोठी झाली. त्यांना भीती वाटली ती बंद फाटकाची. त्यांना घरी काय सांगायचे हे मला अजून नीट सुचलेले नाही. मेलेल्या माणसाची भीती वाटते असे कुणी म्हटले की आजी म्हणे, “मेलेलं माणूस कुणाला काय करतंय? भ्यायचं तर जित्या माणसाला भ्यावं.” लिफ्टच्या स्वच्छतेचे कारण असेल तर ती धुवून घेता येते, आणि तो खर्च संबंधित कुटुंबाने देण्यास माझी हरकत नाही. पार्किंगची अडचण हे तिसरे कारण. याच पार्किंगमध्ये गणपतीचे दहा दिवस मांडव असतो, नवरात्रात दांडिया होतो, कोजागरीला आटीव दूध होते, वाढदिवसांचे फुगे आणि ध्वनिवर्धक असतात. हे सगळे मला हवेच आहे. आजीही त्या मांडवात आरतीला टाळ घेऊन बसायची. पण दहा दिवसांसाठी गाड्या हलवता येत असतील तर दोन तासांसाठीही येतील. चौथे कारण एका सदस्याने जरा दबक्या आवाजात सांगितले : घर पाहायला आलेल्या गिऱ्हाइकांपुढे बरे दिसत नाही. या कारणाला उत्तर देण्याची माझी इच्छा नाही.

आणखी एक गोष्ट. आजी गेल्याचा आणि अंत्यविधीच्या वेळेचा निरोप माझ्या भावाने सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, तो काही मिनिटांत काढून टाकण्यात आला. ‘हा गट केवळ संस्थेच्या कामकाजासाठी आहे’ असे त्याखाली उत्तर आले. सी विंगेतल्या दोन वृद्ध बायका रोज तिच्याबरोबर कट्ट्यावर बसत, त्यांना ती गेल्याचे संध्याकाळी कळले. एक माणूस इमारतीतून कायमचे जाते हे संस्थेचे कामकाज नसेल, तर कट्ट्यावर कुत्री बसतात की नाही यावर त्याच गटावर चाललेली चर्चा कामकाजात कशी बसते, हे समितीने समजावून सांगावे.

रखवालदाराबद्दलही लिहायला हवे. तो लातूरकडचा, पंचविशीतला मुलगा. आजी रोज सकाळी त्याच्यासाठी चहा खाली पाठवी आणि त्याच्या आईची चौकशी करी. समितीचा ठराव राबवण्याचे काम शेवटी त्याच्या अंगावर आले. फाटक लावायला तोच, पंधरा मिनिटे झाली हे सांगायलाही तोच, आणि ठराव करणाऱ्यांपैकी एकही जण त्या वेळी खाली आला नाही. त्याने त्या दिवशी दोनदा सचिवांना फोन करून विचारले, हे मी स्वतः ऐकले. त्याच्याविषयी आमच्या घरात कुणाच्याही मनात कटुता नाही आणि या पत्रामुळे त्याच्या नोकरीला धक्का लागू नये, असे मी स्पष्टपणे नोंदवते.

कायद्याच्या अंगाने एवढेच सांगते की मानाने वागवले जाण्याचा हक्क माणसाच्या मृत्यूबरोबर संपत नाही, त्याच्या देहालाही तो असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटले आहे. मृत्यूची नोंद करायला कायदा एकवीस दिवस देतो. आपण निरोपाला पंधरा मिनिटे दिलीत.

ठराव हा शब्द कानावर आला की मला दुसऱ्या एका ठरावाची आठवण होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ती बातमी मी आजीला वाचून दाखवली होती. “चाळीस वर्षं उशीर केला त्यांनी,” असे म्हणून तिने पुन्हा वाचायला लावली. मरणाच्या दारात आलेल्या घराला थोडे अधिक मानाने वागवण्यासाठी एका लहान गावाने ठराव केला, आणि पुण्यासारख्या शहरातल्या शिकल्यासवरल्या सोसायटीने केला तो असा. हा फरक मला गप्प बसू देत नाही.

समितीच्या अडचणी मला समजत नाहीत असे नाही. मर्यादा असाव्यात. पार्किंगमध्ये गोवऱ्या पेटवून आगटी धरू नये, कारण वर बाळे आणि दम्याचे रुग्ण आहेत. तसा नियम केलात तर मी स्वतः त्याच्या बाजूने हात वर करीन. रात्री उशिरा गर्दी नको, ध्वनिवर्धक नको, जागा नंतर धुवून द्यावी, वेळ दोन-तीन तासांपलीकडे जाऊ नये. या अटी कोणतेही समजूतदार कुटुंब मान्य करील.

आमच्या मागण्या साध्या आहेत. समितीचा तो ठराव रद्द झाल्याची लेखी सूचना सर्व विंगांच्या फलकांवर लावावी. जुनी कोविडकाळातली सूचना लिफ्टमधून काढावी. अंत्यदर्शनासाठी पार्किंगमधील कट्ट्यालगतची जागा आणि मोठी लिफ्ट उपलब्ध राहील, असा नियम वर सांगितलेल्या मर्यादांसह सर्वसाधारण सभेपुढे मांडावा आणि तो सभेनेच ठरवावा. गणपतीच्या खुर्च्या, सतरंज्या आणि ताडपत्री अशा वेळी संबंधित कुटुंबाला विनामूल्य द्यावी. त्या सगळ्यांच्या वर्गणीतून घेतलेल्या आहेत. निधनाचा निरोप गटावरून काढला जाऊ नये. आणि असा कोणताही प्रसंग आल्यास फाटकाशी समितीचा एक तरी सदस्य स्वतः हजर राहावा. निर्णय समितीचा आणि तोंड रखवालदाराचे, ही पद्धत थांबावी.

आमच्या कुटुंबासाठी मी काहीही मागत नाही. आमचे जे व्हायचे ते झाले. सावडणे झाले, तेरावाही झाला. पण ए विंगेत दोन घरांत अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत आणि त्यांच्या घरच्यांनी मला जिन्यात थांबवून, आवाज खाली आणून, “तुम्हाला परवानगी कुणाकडून मिळाली ती पंधरा मिनिटांची?” असे विचारले आहे. माणूस अजून जिवंत असताना घरच्यांना या चौकशा कराव्या लागतात. त्यांच्यासाठी हा प्रश्न आजच सुटायला हवा.

आदर्श उपविधींनुसार एकूण सभासदांपैकी एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर समितीला एक महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. तशा मागणीपत्रावर तीनही विंगांतून सह्या घेणे सुरू आहे आणि आवश्यक संख्येच्या पुढे त्या गेल्या आहेत. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता हे मागणीपत्र आम्ही कार्यालयात आणून देऊ. त्या वेळी सचिवांनी उपस्थित राहून पोच द्यावी आणि त्यावर तारीख व शिक्का असावा, ही विनंती.

आपली,
संस्थेची एक सभासद
कोथरूड, पुणे